चांदीचा रुपया पारखावा कसा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

साहित्य: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, लोहचुंबक आणि निर्विकार चेहरा. पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथी आरशासमोर तयार करावी लागते, कारण दुकानदार नाण्याकडे कमी आणि तुमच्या भुवयांकडे जास्त बघत असतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरला राहून ही विद्या शिकणाऱ्याला पुण्या-मुंबईच्या शिकाऊ माणसाने हेवा करावा अशी एक सोय आहे. इथल्या जुन्या गाठोड्यात दोन राजवटींचे रुपये सुखाने एकत्र नांदतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत मुलूख निजामाचा, म्हणून चारमिनार छापाचा हाली रुपया. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड आणि हिंगोलीत जुनी छावणी, म्हणून इंग्रजांचा कलदार. दोन्ही रुपये काट्यावर ठेवा. कलदार एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हाली ११.१८ च्या आसपास, चांदी शेकडा ८१.८. आता गुणाकार करा. कलदारात चांदी साधारण १०.६९ ग्रॅम निघते, हालीत ९.१४. हैदराबाद भारतात आल्यावर सात हालींना सहा भारतीय रुपये हा दर धरला गेला, तो या दोन आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. गंमत म्हणजे तोवर भारतीय रुपयातली चांदी कधीच उडून गेली होती. हिशेब मात्र ठाम राहिला.

वजन दोन-चार शतांशांनी कमी भरलं तर घाबरू नका, खिशाखिशांतून फिरून रुपया झिजतोच. अर्ध्या ग्रॅमने कमी भरला तर मात्र घाबरा. आणि १९४० पासूनच्या जॉर्ज सहाव्याच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, हे विकणारा आपणहून सांगत नाही. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो चुंबकाला चिकटला की विकणाऱ्याला फार आश्चर्य वाटतं. त्याच्या आश्चर्यात सहभागी व्हा.

पहिला सराव देवघरात करावा. लक्ष्मीपूजनाचा रुपया घरच्या वडीलधाऱ्या बाईंची परवानगी काढून भिंगाखाली धरा. दिसायला लख्ख, आणि अंगभर केसासारखे बारीक ओरखडे. दर दिवाळीला चिंच, राख किंवा भांड्याची पावडर लावून तो इतक्या भक्तीने घासलेला असतो की राणीला नाक उरलेलं नसतं. संग्राहकाच्या लेखी असं नाणं आजारी. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली करडी-निळसर झाक हाच त्याचा धडधाकटपणा. म्हणून नवशिक्याने पहिली शपथ घ्यावी: काळं नाणं उजळवणार नाही. दुसरी शपथ: घरात हे कोणाला सांगणार नाही. हार किंवा माळेतून निघालेल्या रुपयाची कडही फिरवून बघा. कडी काढून टाकली तरी डाग दिल्याची खूण राहते, आणि विकणाऱ्याचा अंगठा नेमका तिच्यावर असतो.

आता झीज. ती सगळीकडे सारखी होत नाही. जे उंच ते आधी जातं. व्हिक्टोरिया राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुटातले खडे. एडवर्डला मुकुट नाही, तिथे कानाचीच चौकशी करावी. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घ्यावा लागला. त्यामुळे हत्तीच्या पायांपर्यंत सगळं स्पष्ट दिसतंय का, हे बघायची सवय फायद्याची. चारमिनारवर मिनारांचे शेंडे बघा, मग मधल्या कमानीतलं अक्षर. मीम असेल तर सहावा निजाम महबूब अली, ऐन असेल तर सातवा उस्मान अली. साल हिजरी असतं. अक्षरं उजवीकडून वाचली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे. १३३७ दिसलं तर ते १९१८-१९. दुकानदार त्याला सातशे वर्षांपूर्वीचं म्हणाला तर त्याचं गणित बिघडलेलं नाही, धंदा चाललेला आहे.

प्रत ठरवायची रीतही पाठ करा. अमेरिकेत शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटांसाठी सत्तर गुणांची पट्टी बनवली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागली. आपल्याकडचे व्यापारी यूएनसी, एक्सएफ, व्हीएफ, फाइन असं उतरत म्हणतात. त्या उतरंडीत ‘गुड’ म्हणजे ओळख पटण्यापुरतं शिल्लक राहिलेलं. आठवडी बाजारात ही भानगड नाही. तिथे एकच प्रत: ‘एकदम कोरा.’

यापुढे येते कहाणी. कहाणीला वजन नसतं, तरी ती नाण्याबरोबर मोजली जाते. एकाला पाया खोदताना हंडा सापडलेला असतो. दुसऱ्याच्या आजेसासऱ्याला निजामाच्या हातून इनाम मिळालेलं असतं. हंडेवाल्याला नम्रपणे विचारा, “मामा, कलेक्टरसाहेबांना कळवलंत का?” १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याने दहा रुपयांवरचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. एवढं ऐकलं की हंडा तत्काळ पुन्हा जमिनीत जातो. शंभर वर्षांवरच्या नाण्यांना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो, तेव्हा परवानाधारक विक्रेता आणि पक्की पावती हा हट्ट सोडू नका. १८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनी आणि हनुमान एकाच नाण्यावर भेटले तर हात जोडा, पाकीट उघडू नका. तसलं चलन कंपनीने कधी पाडलं नाही. पृष्ठभागावर बारीक फोड आणि कडेला सांधा दिसला तर नाणं टाकसाळीतलं नाही, साच्यातलं. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून त्यातल्या नवाकडे भिंगातून नीट बघा. शेजारच्या सालाचा आठ कोरून त्याचा नऊ करता येतो.

एवढी तयारी झाली तरी खरेदीला जाऊ नका. आधी विकायला जा. घरचाच एखादा रुपया घेऊन दुकानात शिरा आणि म्हणा, “काका, हा द्यायचाय.” त्या क्षणी समोरच्या माणसात पारखी जागा होतो. तो भिंग न लावता सांगेल, गाल गेलाय, घासलाय, कडेला ठोकर आहे, मागच्या बाजूला पाणी धरलंय, फाइनही नाही, मोडीच्या भावात बसेल. एकूण एक खरं असतं. मुकाट्याने सगळं टिपून घ्या. आठवड्याभराने तसाच रुपया त्याच्या काचेखाली ‘एकदम कोरा’ म्हणून दिसेल, तेव्हा वही उघडा आणि गालापासून सुरुवात करा.

विकायला नेलेला रुपया अर्थातच परत खिशात घालायचा. “घरी विचारून येतो,” एवढं पुरतं. मात्र त्याने चहा सांगितला असेल, तर तो पिऊनच निघा.