फुकटच्या चार रिम

‘फुकट’ हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात उच्चारतात, कारण तो कानावर पडला की मी चपला घालून दारात उभा असतो. तरी भाच्याने तो फोनवर मोठ्याने उच्चारला. “मामा, माझी आल्टो विकली. तिला कंपनीची चाकं परत लावून दिली. अलॉय पडून आहेत. तुझी पण आल्टोच, बोल्ट बरोब्बर बसतील. फुकट ने.”

संध्याकाळी चार चाकं आमच्या हॉलमध्ये होती. रिम चकचकीत, त्यांवरचे टायर मात्र पार टकले. हिने विचारलं, “कशाला?” अलॉयच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचा नसतो.

टायर बदलायचेच होते, म्हणून अकरा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या गाडीच्या टायरवरचा मजकूर वाचला. १४५/८० आर १२. १४५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत, म्हणजे ११६ मिलिमीटर. १२ हा रिमचा व्यास, तो इंचात. आमच्या आजीचं असंच होतं: दूध शेरात, कापड वारात, सोनं तोळ्यात. मिशेलिनने १९७५ साली हा घोळ निस्तरायला रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये काढून पाहिली, ३९० मिलिमीटर वगैरे. त्या रिमवर दुसऱ्या कुणाचा साधा टायर चढेना, आणि जग गुपचूप इंचांवर राहिलं. ‘आर’ म्हणजे रेडियस असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो होतो. तो रेडियल निघाला. पुढे ७४ टी असंही होतं. म्हणजे एका टायरवर ३७५ किलो भार आणि ताशी १९० किलोमीटर वेग चालेल. माझी आल्टो १९०ने गेलीच तर एकदाच जाईल, वरंध घाटातून, सरळ खाली.

भाच्याच्या रिमवर आतल्या बाजूला कोरलं होतं: १३ बाय ६ जे. व्यास तेरा, रुंदी सहा. मी हिची शिवणाची टेप लावली तर रुंदी भरली सात. ताबडतोब भाच्याला फोन करून “तुला फसवलंय” असं कळवलं. तो शांतपणे म्हणाला, “मामा, बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजलंस ना? टायरची कड आत जिथे टेकते तिथून मोजतात.” आणि ‘जे’ म्हणजे त्या काठाचा आकार. माझ्या माहितीत त्या दिवशी एवढी भर पडली की रात्री झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी एक रिम मागच्या सीटवर बसवून नाना पेठेत गेलो. टायरवाल्याला म्हटलं, “या रिमवर १४५चे चार द्या, तेरा इंची. गाडीच्या पुस्तकात १४५च आहे.” त्याने आधी रिमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग आतल्या पोराला हाक मारली. आनंद एकट्याने लुटणाऱ्यांतला तो नव्हता.

“साहेब, १४५ला रिम लागते साडेतीन ते पाच इंची. ही सहा आहे.”

“थोडं ताणून?”

ताणल्यावर काय होतं ते त्याने दोन्ही तळहात तिरपे करून दाखवलं. साइडवॉल बाहेर कलतात, रिमची कड टायरच्या बाहेर येते, आणि पहिल्याच फूटपाथला चकचकीत अलॉयचा ओठ फुटतो. हवा कमी असली आणि खड्डा जोरात बसला तर टायरची कड रिमवरून निसटूही शकते. मला माझा लग्नातला कोट आठवला. तोही अजून अंगात जातो. बटणं लागतात, फक्त बसायचं नाही.

उलट केलं, म्हणजे अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, तर त्याचा बटवा होतो. तोंड आवळलेलं, पोट सुटलेलं. टायर मधोमध झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. शिवाय टायरवर छापलेली रुंदीही रिमच्या मर्जीवर असते. रिम अर्धा इंच वाढली की तोच टायर साधारण पाच मिलिमीटर पसरतो. म्हणजे पाच इंची रिमवरचा टायर सहा इंचीवर सेंटिमीटरभर जास्त ऐसपैस बसणार. सोफ्यावर मेहुणा बसतो तसा.

घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कुकरची रिंग आणायला मी झाकण बरोबर घेऊन जाते. तुम्हाला झाकण फुकट मिळालं, म्हणून तुम्ही कुकर शोधताय.”

यावर मी कागद-पेन्सिल घेतली. भाच्याचे टकले टायर होते १७५/६० आर १३. त्यांना पाच ते सहा इंची रिम चालते, म्हणजे आपली सहा अगदी काठावर का होईना, पास. उंची १७५चे साठ टक्के, १०५. दुप्पट २१०, अधिक तेरा इंचांचे ३३०. एकूण ५४०. माझ्या जुन्या चाकाचा हिशेब ५३७. फरक अवघा तीन मिलिमीटर! काट्यावर ८० दिसेल तेव्हा खरा वेग साडेऐंशी. दहावीनंतर गणितात एवढा आनंद झाला नव्हता.

नवे घेण्याआधी टकल्यांवरच चाचणी करायची ठरली. चारही चाकं चढवली. गाडी आल्टोऐवजी आल्टोच्या श्रीमंत चुलतभावासारखी दिसू लागली. हिला, मेहुण्याला, त्याच्या बायकोला आणि साबुदाण्याच्या दहा किलोच्या पिशवीला घेऊन निघालो. माझ्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. पार्किंगमधून बाहेर काढतानाच उजवा खांदा कुरकुरला. सोसायटीच्या गेटपाशी स्टीअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढून आवाज आला, खर्रर्र. मेहुणा म्हणाला, “भावजी, गाडीने घसा खाकरला.” पुढच्या स्पीडब्रेकरवर मागूनही खाकरली. व्यास जुळला होता, पण रिम रुंद, टायर पसरलेला, वर ऑफसेट असा की चाक बाहेरच्या अंगाला सरकलेलं. मडगार्डच्या आतल्या अस्तराला ते घासत होतं. माझ्या कागदावर मडगार्ड नव्हतं. मेहुणाही नव्हता.

टायरवाल्याने खाली वाकून पाहिलं. “एकटे फिरत असाल तर चालेल,” म्हणाला. भाचा अविवाहित आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

शेवटी जुन्या पत्र्याच्या रिमवर १४५/८० आर १२चे चार नवे टायर बसले. बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, शिशाचे गुटके, सगळं धरून तासाभरात काम झालं. बसवण्याआधी मी जमिनीवर आडवा होऊन प्रत्येकाची जन्मतारीख तपासली. चार आकडी असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरवाला म्हणाला, “साहेब, लोक दुधाची पिशवीसुद्धा इतकी बघत नाहीत.”

स्टेपनी तेवढी जुनीच ठेवली. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४च्या सुमारास तिथे सुटं चाक तयार होऊ लागलं. खुद्द ब्रिटनमध्ये तो आता फारसा कुणाला कळत नाही. आपल्याकडे दोन अर्थांनी कळतो.

अलॉय गॅलरीत ठेवल्या. भाचा परत घेईना. “दिलेली वस्तू परत घेत नाहीत, मामा,” हे त्याने माझ्याच बहिणीच्या आवाजात सांगितलं. वाळत टाकलेले पापड उचलताना हिच्या पायाला रोज त्यांतली एक लागते आणि रोज ती माझ्याकडे बघते.

परवा समोरच्या विंगमधला मुलगा वर आला. नुकताच नोकरीला लागलाय.

“काका, त्या रिम देणार आहात म्हणे?”

“नेऊन टाक. फुकट. गाडी कुठली तुझी?”

“गाडी नाहीये अजून,” तो रिमवरून हात फिरवत म्हणाला. “या मिळाल्या तर बघतो एखादी.”