लोअर परळच्या एका तळघराच्या मालकास खुले पत्र

विकासक महाशय,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. ती मी पाळत नाही, कारण तुमच्या-आमच्यात प्रेम उरेल असं तुम्ही काही ठेवलेलं नाही. तुमच्या साइटच्या निळ्या पत्र्यांना लागून जी चाळ आहे, तिथून हे पत्र लिहिते आहे. पावसाळा लागला की आमच्या घराघरांत ताप शिरतो. कोणाला थंडी वाजून, कोणाला हाडं मोडल्यासारखा. मग रक्ताचे रिपोर्ट येतात. ते वाचून झाल्यावर आमच्या गॅलरीतून खाली पाहिलं की कारण समोरच दिसतं: गिरणी पाडून तुम्ही खणलेला पार्किंगचा खड्डा आणि त्यात आठवडेच्या आठवडे उभं राहिलेलं पाणी.

तुमच्या माणसानं आम्हाला सांगितलं की डास म्हणजे निसर्ग आहे, पावसाळ्यात व्हायचेच. म्हणून आधी निसर्गाचंच बोलू. पावसाळ्यानंतर तुमचं सगळं ऑफिस पवना धरणाच्या काठी कॅम्पिंगला गेलं होतं. फोटो तुम्हीच जगाला दाखवलेत, आम्हीही पाहिले. ते बघून तुमच्याबद्दल माझी एक गोष्ट पक्की झाली. डासांपासून कसं वाचायचं हे तुम्हाला नीट माहीत आहे. तंबू पाण्यापासून लांब, उंचावर आणि वारं लागेल असे ठोकले होते. प्रत्येक तंबूला बारीक जाळीचं दार आणि त्याला चेन. संध्याकाळ झाल्यावर सगळ्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे सदरे, हातापायाला मलम. आणि ज्या कायाकमधून तुम्ही जलाशयात फिरलात, त्या काठावर ओळीनं पालथ्या घालून ठेवल्या होत्या. होडी उताणी राहिली तर पावसाचं पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात डास होतात, हे त्या गावातल्या होडीवाल्या पोराला कळतं. त्यानं सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत.

मग लोअर परळमध्ये तुमची पिंपं उताणी का?

माझा सगळा राग या एका प्रश्नात आहे. तलावाकाठी एका रात्रीसाठी तुम्ही जेवढी काळजी घेता, तिच्या दहाव्या हिश्शानं तुमच्या साइटवरची लेबर कॅम्पमधली माणसं सुखानं झोपली असती. त्या पत्र्याच्या खोल्यांना खिडक्यांची भोकं आहेत, जाळी नाही. उकाड्यानं माणसं बाहेर, कच्च्या स्लॅबवर, उघड्या अंगानं झोपतात. शेजारी उघडं पिंप, पलीकडे लिफ्टचा भरलेला खड्डा, वर ताडपत्रीच्या झोळीत तुंबलेलं पाणी. निसर्गाच्या कुशीत तुमचं रक्षण होतं आणि मुंबईच्या मधोमध, देशातल्या महागड्या जमिनीवर, मजुराला डासांच्या हवाली केलं जातं. याला निसर्ग म्हणू नका. हे तुमचं उत्पादन आहे.

उत्पादन कसं होतं तेही लिहिते, म्हणजे ‘कल्पना नव्हती’ म्हणायची सोय राहणार नाही. मुंबईत मलेरिया पसरवणारी डासीण म्हणजे ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. ती गटारात अंडी घालत नाही. तिला स्वच्छ पाणी लागतं: गच्चीवरची टाकी, विहीर, कारंजं, बांधकामावरचं साठवण. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारी एडिस इजिप्ती तर पिंपात, टायरमध्ये, डब्याच्या झाकणातल्या पाण्यातही भागवते. तिची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला मुंबईच्या उकाड्यात साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. आता तुमच्या कामाकडे या. स्लॅब भरला की त्यावर सिमेंटची छोटी आळी करून पाणी भरून ठेवतात. तुम्ही त्याला क्युरिंग म्हणता. काँक्रीट भिजत ठेवायचा किमान काळ सात दिवस, कधी दहा. तुमचा स्लॅब जितक्या दिवसांत पक्का होतो, तितक्याच दिवसांत त्या आळ्यांतली अळी डास होऊन उडते. एका मजल्यानंतर दुसरा मजला, म्हणजे वर्षभर एकामागून एक तयार होणारी डासांची पिढी.

याला उपाय नाहीत असं नाही, आणि ते खर्चिकही नाहीत. स्लॅबवर पाणी तुंबवण्याऐवजी ओली गोणपाटं अंथरा. क्युरिंगचं रसायन फवारता येतं. आळी करायचीच असतील तर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून सुकवा, मग भरा. तळघरात पंप लावा. जिथे पाणी काढताच येत नाही तिथे टेमीफॉस टाका किंवा अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा, महापालिका ते देते. पिंपाला झाकण, ताडपत्रीला उतार. एक मुकादम आठवड्याला एकदा, ठरल्या वारी, साइटभर फिरला तर हे सगळं होतं. तुमच्या शोफ्लॅटमधल्या एका झुंबराच्या किमतीत वर्षभर होईल.

तुम्ही करता ते वेगळंच. तक्रार वाढली की धुराचं मशीन आणता. आमच्या चाळीच्या बोळातून पांढरा धूर सोडता, मुलं खोकतात, म्हाताऱ्यांना धाप लागते, आणि तुम्ही कर्तव्य केल्याचा फोटो काढता. धुरानं त्या घटकेला उडणारा डास मरतो. तुमच्या खड्ड्यातली अळी पाण्यात खाली आहे, तिला धूर लागत नाही. ती दुसऱ्या दिवशी बाहेर येते. तुमच्याकडे इंजिनियरांची फौज आहे. एवढं त्यांना कळत नसेल असं मी मानणार नाही. धूर दिसतो आणि पंप दिसत नाही, म्हणून तुम्ही धूर निवडता.

तुमच्या माणसाचं दुसरं वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. ‘हे लोक गावाहून आजार घेऊन येतात,’ असं तो मजुरांकडे बोट दाखवून म्हणाला. ओडिशा, झारखंड, छत्तीसगडचे जे जिल्हे मलेरियानं पिडलेले आहेत, तिथून आलेल्या माणसाच्या रक्तात परोपजीवी असू शकतो, हे खरं. व्हायवॅक्स जातीचा तर यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी डोकं वर काढतो. पण माणसाच्या शेजारी नुसतं झोपून मलेरिया दुसऱ्याला होत नाही. मध्ये डासीण लागते. तिनं त्याचं रक्त प्यावं लागतं, तिच्या पोटात तो परोपजीवी दहा-बारा दिवस वाढावा लागतो, आणि मग तिनं दुसऱ्याला चावावं लागतं. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी पाहिला, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे. मजुरानं परोपजीवी आणला असेल. डासीण तुम्ही दिलीत. ती नसती तर त्याचा आजार त्याच्यापाशीच थांबला असता, आणि साइटवर रक्ततपासणी वेळेवर झाली असती तर तोही गोळ्या घेऊन बरा झाला असता. व्हायवॅक्सला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप उतरला की माणूस कामावर उभा राहतो, कारण खाडा झाला तर तुमचा ठेकेदार मजुरी कापतो, आणि गोळ्या अर्ध्यावर सुटतात. त्याचा हिशेबही तुमच्याच नावावर आहे.

आणि मुंबईला हा धडा नवा नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ॲलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, बांधला जात होता. तेव्हाही मोठं बांधकाम, बाहेरून आणलेले मजूर आणि साचलेलं पाणी. शहरात मलेरिया उसळला. चार्ल्स बेंटली यांनी चौकशी केली आणि 1911 साली अहवाल दिला. त्यांनी बोट ठेवलं ते विहिरींवर आणि टाक्यांवर, त्यातल्या स्टीफेन्सीवर. विहिरी झाका म्हटल्यावर मालकांनी विरोध केला, काहींनी धर्माचा आधार घेतला. तरी या शहरानं विहिरी बुजवल्या, उरलेल्यांना झाकणं लावली. टाकीला घट्ट झाकण हवं आणि तपासनीसाला वर चढायला शिडी हवी, हा मुंबईतला नियम त्याच मुशीतून आला. 1928 साली गॉर्डन कव्हेल यांनी पुन्हा मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला. म्हणजे तुमच्या साइटवर काय चुकतंय ते सांगणारे कागद शंभर वर्षं जुने आहेत. इथून हाकेच्या अंतरावर परळला हाफकिन संस्था उभी आहे, चिंचपोकळीला साथीच्या रोगांचं कस्तुरबा रुग्णालय आहे. इतकी विद्या आजूबाजूला असताना तुमच्या पत्र्यांच्या आत ती शिरत नाही, कारण तुम्ही शिरू देत नाही. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस काठी आणि टॉर्च घेऊन येतो, आणि तुमचा सिक्युरिटीवाला त्याला ‘साहेब नाहीत’ म्हणून गेटवर उभा करतो. मी हे गॅलरीतून पाहिलंय.

गिरण्या चालू होत्या तेव्हा इथे सगळं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. माझे वडील कापसाच्या तंतूंनी खोकत घरी यायचे. पण 1982 च्या संपानंतर भोंगे बंद होत गेले, 1991 च्या आणि मग 2001 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी तुमच्यासाठी मोकळ्या झाल्या, आणि लोअर परळचं भलं होणार असं आम्हाला सांगण्यात आलं. भलं झालं असेल, काचेच्या आत. चाळिसाव्या मजल्यावर वातानुकूलन चालू असतं, खिडकी उघडत नाही. एडिस शे-दोनशे मीटरच्या पलीकडे क्वचितच जाते. तुमच्या खड्ड्यापासून शे-दोनशे मीटरवर काय आहे ते कधी पायी फिरून बघा: आमची चाळ, बीडीडी चाळींच्या खोल्या, महापालिकेची शाळा, पदपथावरचा भाजीवाला. एडिस दिवसा चावते, सकाळी आणि सूर्य कलताना. तेव्हा मुलं शाळेच्या वाटेवर असतात.

2010 च्या पावसाळ्यात या शहरानं मलेरियाचा कहर पाहिला. त्या वर्षी 76 हजारांवर रुग्ण नोंदले गेले, मृत्यू 145. ती माणसं आकड्यांत गेली. त्यानंतर महापालिकेनं साइटवर कडक तपासण्या लावल्या, मजुरांची रक्ततपासणी सुरू केली, आणि आकडे खाली आले. याचा अर्थ साधा आहे: लक्ष दिलं की मलेरिया हटतो. 2030 पर्यंत देशातून मलेरिया घालवायचं सरकारनं ठरवलंय. ते होणार की नाही, हे दिल्लीत ठरत नाही. ते तुमच्या तळघरात ठरतं.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा, दहावीचा, गणेशोत्सवाच्या आधी डेंग्यूनं रुग्णालयात पडला. प्लेटलेट खाली येत होत्या आणि त्याची आई दर रिपोर्टला जिन्यात बसून रडत होती. तो वाचला. त्याच आठवड्यात तुमच्या साइटवरचा एक प्लंबर तापात गावी निघून गेला. त्याचं पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही, आणि तुम्ही विचारलंत असं वाटत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा आला.

तुमच्याकडे मी मेहेरबानी मागत नाही. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम 381 आहे. डास होतील असं पाणी साठू देणं हा त्याखाली गुन्हा आहे, नोटीस येते, खटला होतो. दंड तुम्हाला चहापाण्याइतका वाटतो हे मला ठाऊक आहे, आणि तो वाढला पाहिजे, असं मी महापालिकेलाही लेखी कळवलंय. साइटवर पाणी सापडलं तर काम थांबवण्याचा हुकूम निघायला हवा. काम थांबलं की पैसा थांबतो, आणि तेवढी एकच भाषा तुम्हाला तातडीनं समजते, हे माझं तुमच्याबद्दलचं ठाम मत आहे.

या आठवड्यात तळघरातलं पाणी उपसा. लिफ्टचे खड्डे कोरडे करा. पिंपं पालथी घाला, पवनेला कायाक घातल्या होत्या तशी. लेबर कॅम्पच्या प्रत्येक खिडकीला जाळी आणि प्रत्येक माणसाला मच्छरदाणी द्या. तापाच्या माणसाची मजुरी कापू नका, त्याच्या गोळ्या पुऱ्या होईपर्यंत. महापालिकेच्या माणसाला गेट उघडा. एवढं झालं तर मी तुमच्या साइटबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

आणि शेजाऱ्यांनो, तुम्हाला: गच्चीवर चढा, आपल्या टाकीचं झाकण आधी बघा, कारण आपल्या टाकीतली अळीही तितकीच गुन्हेगार. मग बाजूच्या साइटवर पाणी दिसलं तर जागा आणि तारीख यासह फोटो काढा आणि महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि काम होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

ना. म. जोशी मार्गावरची एक रहिवासी