नकाराचे शास्त्र

आमच्या कुंभार पिंपळगावात हॉकीची काठी सहसा दृष्टीस पडत नाही. तथापि नकार देण्याचे शास्त्र या घनसावंगी तालुक्यास परके नव्हे, कारण अंतरपाटाआड 'सावधान' हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून पसार झाल्याची आख्यायिका ज्यांच्याविषयी सांगतात, ते समर्थ जवळच्याच जांबेचे. म्हणूनच २०१० च्या जानेवारीत, विश्वचषक उंबरठ्याशी आला असता, बालेवाडीच्या शिबिरात देशाच्या हॉकीपटूंनी थकलेल्या मानधनापायी सरावास साफ नकार दिला, तेव्हा आम्हांस नवल वाटले ते हॉकीच्या दरबारास बसलेल्या धक्क्याचे. प्रत्येकी २५,००० रुपयांची बिदागी पुढे करूनही ही मंडळी मुजरा करीत नाहीत, म्हणजे काय! अखेर प्रायोजकाची थैली सुटली, काठ्या पुन्हा हाती आल्या, दिल्लीत पाकिस्तानला ४-१ असे नमवले आणि स्पर्धेअखेर आठवा क्रमांक पदरी पडला.

त्यापूर्वी, १९९८ साली, खडकीचे धनराज पिल्ले बँकॉकहून बत्तीस वर्षांनी एशियाडचे सुवर्ण घेऊन परतले आणि लागलीच कित्येक सहकाऱ्यांसह संघातून वगळले गेले. वरून खाली आलेल्या नकारास दफ्तरी 'निवड' म्हणतात. खालून वर गेला की त्याचे 'बंड' होते.

ही हकीकत ऐकून पारावरच्या एका वृद्धाने एवढेच विचारले, की समर्थांचे मानधन तर कोणी थकवले नव्हते ना?