कोल्हापुरात ‘ययाती’ परत करताना

(कोल्हापुरातलं एक वाचनालय. संध्याकाळ. चर्चेपेक्षा पंख्याचा आवाज मोठा.)

सभासद : ही घ्या ‘ययाती’. जमा करा.

ग्रंथपाल : एवढ्यात झाली वाचून?

सभासद : साठ पानं वाचलो. पुढं जाईना ओ.

निवृत्त मास्तर : (पेपर खाली करत) काय म्हणालात? ज्ञानपीठ आहे त्या पुस्तकाला! १९७४चं! मराठीतलं पहिलं!

सभासद : म्हणूनच नेलो की.

मास्तर : आणि खांडेकर आपल्या कोल्हापूरचे!

ग्रंथपाल : जन्म सांगलीचा, मास्तर.

मास्तर : असू दे. इथं राहिले, इथं लिहिलं, ते इथलेच. शिवाजी विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे. तिथं जाऊन म्हणून दाखवा, पुढं जाईना!

सभासद : माणसाबद्दल तक्रार नाही ओ. पण राजा बोलतोय तो सुविचार, देवयानी भांडतीय तो सुविचार, शर्मिष्ठा रडतीय तोही सुविचार. आमच्या घरात भांडण लागलं की एक वाक्य धड पुरं होत नाही.

मास्तर : भाषेची श्रीमंती म्हणतात त्याला.

सभासद : असंल. पण सगळ्या पंगतीला श्रीखंडच? मधी एखादी वाटी तांबडा रस्सा नको?

मास्तर : मग ‘कोसला’ वाचा!

सभासद : वाचलो. पोरगं पुण्याला शिकायला जातंय, बापाचे पैसे घालवतंय, नापास होऊन घरी येतंय. आमच्या थोरल्यानं हेच केलं, तवा कुणी क्रांती म्हटलं नाही.

ग्रंथपाल : १९६३ला असं कुणी लिहिलं नव्हतं ना. पुढं ज्याला त्याला तसंच लिहायचं होतं. तुम्ही नकला आधी वाचल्यात, अस्सल माल नंतर.

मास्तर : बरं, ‘मृत्युंजय’? सावंत आजऱ्याचे. इथंच राजाराम हायस्कूलला शिकवायचे.

सभासद : ती लई आवडली! रात्रभर जागलो. पण तसं सांगितलं की प्राध्यापक लोक गालात हसत्यात. नाही आवडलं तर आम्ही अडाणी, आवडलं तरी अडाणीच.

(ग्रंथपाल ‘ययाती’ उघडतो. मागची तारखांची चिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली. पहिली पानं हाताळून पिवळी, कोपरे दुमडलेले. साठीच्या पुढं पानं करकरीत.)

ग्रंथपाल : बघा. नेलीय बऱ्याच जणांनी.

सभासद : मास्तर, तुम्ही कधी वाचलासा?

मास्तर : आम्हाला वाचायची काय गरज? आम्ही शिकवलीय!

सभासद : मग शेवट सांगा.

मास्तर : पुरू बापाला आपलं तारुण्य देतो.

सभासद : ते महाभारतातच आहे. कादंबरीत पुढं काय होतंय?

मास्तर : (पेपर वर घेत) वाचनालयात शांतता पाळायची असते.

ग्रंथपाल : काउंटर सातला बंद होतो, मास्तर. ‘ययाती’ तुमच्या नावावर लावतो. पंधरा दिवसांची मुदत, पुढं दिवसाला एक रुपया दंड.