जीवाश्म-सहलीचे सहकारशास्त्र

वारणा खोऱ्यात कोणतेही सार्वजनिक कार्य आधी समिती नेमून आणि मग ते कार्य नेमके कोणते याचा खुलासा मागवून सुरू होते. हा दोष नव्हे, परंपरा आहे; कारण तात्यासाहेब कोरे यांनी ज्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला आणि ज्याच्याभोवती पुढे दूध संघ, बाजार, महाविद्यालय आणि मुलांचा वाद्यवृंद असे सारे गावच वसले, त्या वारणानगरात एकट्याने काही करणे थोडे संशयास्पदच ठरते. तेव्हा तेथील हौशी मंडळींनी जीवाश्म शोधण्याची सहल काढायचे ठरवले, तर पहिल्याच बैठकीत अध्यक्ष, सचिव व खजिनदार निवडले जावेत, गाडीची आणि जेवणाची उपसमिती वेगवेगळी नेमली जावी, परतताना कोणत्या देवाचे दर्शन घ्यायचे यावर तासभर खल व्हावा आणि जीवाश्म म्हणजे काय हा प्रश्न ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात यावा, हे क्रमप्राप्तच आहे.

जीवाश्म म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या प्राण्यांचे किंवा वनस्पतींचे खडकात टिकलेले अवशेष, ठसे अथवा खुणा. ते तयार होण्यासाठी मेलेला जीव कुजण्याआधी गाळात गाडला जावा लागतो आणि त्या गाळाचा पुढे खडक व्हावा लागतो. वारणानगरची अडचण येथेच सुरू होते, कारण पन्हाळा आणि जोतिबाचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, बनले आहेत तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्हाचा आहे, आणि अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या रसात पडलेला प्राणी पुढील पिढ्यांसाठी काही मागे ठेवण्याच्या स्थितीत सहसा नसतो.

तरीही हौशी सदस्याला पहिल्याच ओढ्यात डायनोसॉरचे अंडे सापडते. हे अंडे म्हणजे गोलाभ अपक्षय, म्हणजे बेसाल्टचा ठोकळा कोपऱ्यांकडून झिजत एकावर एक पापुद्रे सोडून गोल होण्याची क्रिया, हे त्याला पटवणे अवघड असते; आणि दगडावरच्या नेच्याच्या पानासारख्या नक्षीचे श्रेय मँगॅनीजच्या ऑक्साइडला द्यावे लागते, हे तर त्याहून अवघड. उलट प्रकारही घडतो. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या या गावी जे गोल दगड लोक ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजत होते, ती खरोखरच डायनोसॉरची अंडी असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितले. महाराष्ट्रानेही या बाबतीत मागे राहू नये, अशी व्यवस्था परंपरेने केलेलीच आहे. देवघरातील शाळिग्राम हा बहुधा नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून आलेला अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. त्यामुळे सहलीची बैठक ज्या घरात भरते तेथे सहलीचे उद्दिष्ट निघण्यापूर्वीच, तेही गंधफुलासह, साध्य झालेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

घराबाहेरचे जीवाश्म हवे असतील, तर दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या निवांत काळात तळ्यांत साचलेला गाळ, ज्याला अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात, किंवा लाव्हाच्याही आधीचे गाळाचे खडक गाठावे लागतात. मुंबईत वरळीच्या टेकडीवरील अशाच थरात सापडलेल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन ‘डायनोसॉर’ हे नाव रूढ करणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केले. परंतु आज वरळीत बेडकाची हाडे शोधण्यापेक्षा माणसाला राहायला जागा शोधणे सोपे, आणि तेही सोपे नाही. पूर्वेच्या टोकाला गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वन विभागाने अश्मीभूत वृक्षांचे उद्यान राखले आहे. त्याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ सापडलेल्या बारापासॉरस या ज्युरासिक काळातील अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे आणि त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावात रवींद्रनाथ टागोरांचे नाव गुंफलेले आहे. विदर्भातले चांगले ते बाहेर जाते, या तक्रारीला इतका जुना पुरावा दुसरा मिळणार नाही.

वारणानगरच्या मंडळींना सर्वांत जवळचे वाटावे असे ठिकाण अंतराने मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिसदुरा गावच्या शिवारात डायनोसॉरच्या हाडांबरोबर विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा, सापडतात. करड्या-तपकिरी रंगाचे, काही लांबट तर काही वाटोळे असे हे खडे हातात घेतले तर वास येत नाही, आणि हीच त्यांच्याबद्दलची पहिली सुखद बातमी होय. दुसरी बातमी सूक्ष्मदर्शकाखाली मिळते: त्यांत वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकेचे अतिसूक्ष्म कण आढळले, आणि या कणांच्या आकारांवरून ते गवताचे आहेत हे 2005 मध्ये, तर काही कण भाताच्या कुळातील गवताचे आहेत हे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, ही तोवरची समजूत अशा रीतीने शेणाने खोडून काढली. ऊस हेही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतच असल्याने, ज्या गावाचा सारा प्रपंच एका गवतावर आणि ते खाणाऱ्या म्हशींवर उभा आहे, त्या गावाने पिसदुऱ्याला जाणे ही सहल नसून कुलवृत्तांताचे संशोधन ठरते.

येथे परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेत काही सार्वजनिक जमिनींवर अश्मीभूत लाकूड स्वतःसाठी दिवसाला 25 पौंड, म्हणजे सुमारे 11 किलो, ‘आणि वर एक तुकडा’ इतके उचलता येते. हा नियम करणाऱ्याने मंडईत भाजीवर कोथिंबीर मागून घेतलेली असावी. भारतात हौशी माणसाने जीवाश्म कोठून आणि किती न्यावेत, हे सांगणारा असा नियम नाही. भूवारसा स्थळांच्या जतनाच्या कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये सूचनांसाठी प्रसिद्ध केला. नियम नाही म्हणून जीवाश्म मोकळे आहेत असे मात्र नव्हे. 1927 च्या वन कायद्यानुसार जंगलातला दगडही वनोपज ठरतो. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल संहितेनुसार जमिनीतली खनिजे शासनाची, त्यामुळे तलाठ्याकडे चौकशी केल्यास ‘किती ब्रास?’ हा प्रतिप्रश्न संभवतो. आणि 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली 10 रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आता, ज्या भागात यंदाच्या शेणखताच्या ट्रॉलीचा भावही तासभर घासाघीस करून ठरतो, तेथे साडेसहा कोटी वर्षांचे शेण 10 रुपयांच्या वर जाते की खाली, यावर उपसमिती नेमण्यावाचून गत्यंतर नाही.

या उपसमितीने आपले काम प्रामाणिकपणे केले, तर ती एका साध्या निष्कर्षाला पोहोचेल. जीवाश्माचे खरे मोल तो कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी आणि कोणत्या स्थितीत पडला होता यात असते. थरातून उपटून शोकेसमध्ये ठेवलेले हाड आपला पत्ता विसरलेले असते. म्हणून सहलीने जमीनमालक शेतकऱ्याची आणि जेथे वनजमीन असेल तेथे वन विभागाची आगाऊ परवानगी घ्यावी, भूशास्त्राचा एखादा प्राध्यापक सोबत न्यावा, हातोडा न्यावयाचा नाही असा ठराव करावा, सापडेल ते जागच्या जागी ठेवून त्याची नोंद करावी आणि छायाचित्र घेताना मापासाठी शेजारी 10 रुपयांचे नाणे ठेवावे, म्हणजे 1878 च्या कायद्याचेही स्मरण राहील. वार्षिक सभेतील अहवालात ‘गोळा केलेले नमुने’ या रकान्यापुढे मग ‘निरंक’ असे येईल, आणि सहकाराच्या इतिहासात निरंक हा शब्द सचिवाने मान वर करून वाचण्याची आणि सभासदांनी त्यावर टाळ्या वाजवण्याची बहुधा ती पहिलीच वेळ असेल.