पुण्यसंचय, आसन ३८-ई

पूर्वी लोक पुण्य साठवत ते वर गेल्यावर बरी जागा मिळावी म्हणून. हल्ली पॉइंट साठवतात, तेही त्याचसाठी. वर म्हणजे पस्तीस हजार फुटांवर, एवढाच फरक. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने माइल्सची योजना काढली तेव्हा सूत्र सरळ होतं: जितकं उडाल, तितके माइल्स. आता बऱ्याच कंपन्या अंतर नव्हे, तिकिटाला मोजलेले पैसे बघतात. म्हणजे स्वस्तात मुंबई ते न्यूअर्क गुडघे छातीशी घेऊन जाणाऱ्याच्या पदरी चिल्लर आणि ऑफिसच्या खर्चाने आडवा पडून जाणाऱ्याला घबाड.

भक्त तरी हटत नाहीत. १९९९मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने माइल्सपायी पुडिंगचे बारा हजारांवर कप विकत घेतले आणि बारा लाखांवर माइल्स मिळवले. मी त्यामानाने संयमी. सहा वर्षं किराणा, वीजबिल, झालंच तर मेव्हण्याच्या लग्नाचा हॉल, एवढंच काय ते कार्डावर भरलं.

यंदा लेकीकडे जाताना अपग्रेड मागितलं. पॉइंट पुरेसे होते. पण माझं तिकीट ज्या स्वस्त वर्गातलं, त्याला अपग्रेडच नाही म्हणे. ज्याला आहे, ते तिकीट परवडलं असतं तर पॉइंट कशाला जमवले असते? शिवाय जुने पॉइंट मार्चअखेर बाद होणार होते.

मग त्यांत दुसरं काय मिळतं, विचारलं. तीन लिटरचा प्रेशर कुकर.

घेतला. शिट्टी चांगली होते.