वईवरून

"गो बाय, कंपनीत तू म्हनं पुढारी झालीस?"

कासूत बातमीला दिवा-रोहा मेमूची वाट बघावी लागत नाही. म्हटलं, पुढारी कसली काकी; धाटावला आमच्या कारखान्यात आरोग्य विम्याची कमिटी केलीय. चार माणसं मॅनेजमेंटची, चार आमच्यातली. पॅकिंगमधून मला घातलंय.

"म्हंजे कोनाला काय दुखना हाय ता सगला तुला कलतं?"

आता काकी मुद्द्यावर आल्या.

"नाही कळत. नावं आमच्याकडे येतच नाहीत. विमा कंपनीचा बेरजेचा कागद येतो. बाळंतपणं किती, मोतीबिंदू किती, हृदयाची ऑपरेशनं किती, हप्ता किती भरला नि बिलांपोटी किती गेले."

"हृदयाचा म्हंजे त्यो बॉयलरवालाच. महिना झाला गारीला दिसला नाय."

"मी काही बोलले नाही हं काकी."

"तू कशाला बोलशील? मीच बोलते ना."

घ्या! लहान कारखान्यात वर्षाकाठी एखादीच बायपास होते. कागदावर 'हृदय – १' एवढंच छापलं, तरी गेटवरचा वॉचमनसुद्धा नाव सांगेल. पहिल्याच मीटिंगला स्टोअरवाल्याने टेबलावर हात आपटून विचारलं, कोणामुळे आपला हप्ता वाढला? ग्रुप पॉलिसीचा हप्ता ठरवताना मागच्या वर्षीचे क्लेम बघतात, तेव्हा प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. पण बॉयलरवाल्याचा मेव्हणा समोरच बसलेला. रिटायरमेंटला आलेले आमचे फिटर काका म्हणाले, "विमा कशाला काढलाय रे? कोणी आजारी पडू नये म्हणून?" स्टोअरवाला गप्प झाला. मग ठरलं, की ज्या आजाराला पाचांहून कमी माणसं, तो सरळ 'इतर'मध्ये टाकायचा. आणि कमिटीतल्या कोणी कोणाचं बिल बघायचं नाही. बिल अडकलं तर ज्याचं त्याने टीपीएशी, म्हणजे विमा कंपनीसाठी बिलं बघणाऱ्यांशी बोलायचं, वाटलं तर आम्हाला सोबत न्यायचं. मला विचाराल तर या कमिटीने केलेलं शहाणपणाचं काम हेच. हे नसतं, तर आजार लपवायला लोकांनी पगारातून बिलं भरली असती.

"मंग करता काय तिथं बसून?"

"भांडतो."

मोठं भांडण खोलीच्या भाड्याचं झालं. पॉलिसीत दिवसाला ५,००० ची मर्यादा. आमच्यातल्या एकाने ८,००० ची खोली घेतली. त्याला वाटलं, वरचे तीन हजार खिशातून गेले की सुटलो. तसं नसतं. खोली महागाची घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच मापाने, आठाला पाच, असं कापतात. औषधं, तपासण्या, इम्प्लांट असलं तेवढं त्यातून सुटतं.

"खोलीपायी डाक्टर कापला?" काकींनी कपाळाला हात लावला.

मॅनेजमेंटला विम्याची रक्कम तीनाची पाच लाख करायची होती. नोटीस बोर्डावर ते उठून दिसतं. आम्हाला भाड्याची मर्यादा काढून हवी होती. हात वर करून मत घ्यायला साहेब तयार होते, पण सुपरवायझर मागे उभा असताना हात कोण वर करणार? कँटीनमध्ये डबा ठेवला, चिठ्ठ्या टाकल्या. मर्यादा गेली. हॉस्पिटलांच्या यादीचं मात्र अजून अडलंय, सगळी पनवेलच्या पलीकडची. मी म्हटलं, पळस्पे ते कासू ४२ किलोमीटर, त्या हायवेवरून कळा देणारी बाई एकदा नेऊन दाखवा. साहेबांनी पेणच्या हॉस्पिटलांसाठी पत्र टाकलंय.

"आमच्या भाच्याचं सांग. पगार वाढला म्हनून पेढे वाटलेन, आन् आता म्हनतो ईएसआय जानार."

काकींचा भाचा खोटं बोलत नाही. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, महिना २१,००० पगाराची मर्यादा. २०१७ साली ती तेवढी झाली. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन, आणि त्यात दवाखाना, आजारपणात सत्तर टक्के पगार, बाळंतपणाचे २६ आठवडे. पगार मर्यादेच्या वर गेला की हे सगळं जातं. लगेच नाही, सप्टेंबर किंवा मार्चअखेर जी सहामाही संपते तोवर पैसे कापतात, आणि त्यावरचे फायदे पुढच्या जून किंवा डिसेंबरअखेरपर्यंत चालतात. आमच्या दोन पोरींचं तसं झालं होतं. ईएसआय डिसेंबरला संपली, ग्रुप पॉलिसीत नाव मार्चला चढलं, मधले दोन महिने देवाच्या भरवशावर. आता ईएसआय संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी नाव चढतं. हे लिहून घ्यायला मीटिंग तीनदा पुढे गेली. कधी डिस्पॅच, कधी ऑडिट.

"तीनदा? आन् तुमी बसलाव गप?" काकींचं माहेर चरीचं, अलिबागकडचं. "आमच्या आज्यानं सा वर्सा शेत पडीक ठेवला, खोताला दाना नाय दिला."

ते खरंच. चरीच्या संपात, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या पाठीशी कुळं उभी राहिली, आणि त्या कुळांच्या पाठीशी बाबासाहेब. पुढे त्याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना १९४३ ला प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला बसवलं. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. काकींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग? चरीचीच मानसा ती." आता यावर काय बोलायचं! पण पुढच्या मीटिंगची तारीख आम्ही आधीच लिहून घेतली, साहेबांच्या सहीनिशी.

"आनी सासूला घेतात काय त्यात?"

"आई-वडील नाहीतर सासू-सासरे. एकच जोडी. इकडचा एक, तिकडचा एक असं चालत नाही. आम्ही मागून बघितलं, विमावाले नाही म्हणाले."

"मंग तू कोनाला घातलास?"

पडवीत सासूबाई वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"कमिटीचा नियम आहे काकी, नावं सांगायची नाहीत."

"त्यो दुखन्याला. सासूला कसला नियम?"

"मला नको तुमचा इमा," पडवीतून आलं. "माज्याकडं फुल्यांच्या योजनेचं कार्ड हाय, पाच लाखाचं. तिच्या आयशीला घाल म्हनावं. घातलीच असंल."

"दाव तो फॉर्म," काकींनी वईवरून हात पुढे केला.

"भरलेला नाही अजून. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"अगो, मंग कोरा कागद लपवतेस व्हय?"